छपराखालची बाई

पाण्याच्या ग्लासात बोट बुडवायचं आणि टेबलावर अक्षर काढायचं, ही चाचांची खोड. "ताई, हे बघा. वर छप्पर, खाली बाई. झाली शांती! आपले कोरियन साहेब सकाळी 'आन्योंग' म्हणतात ना, त्यातला 'आन' तो हाच. मूळचा चिनी."

दुबई मरीनातल्या आमच्या कोरियन कंपनीत चाचा ड्रॉइंगच्या फायली सांभाळायचे. कुण्या जुन्या साहेबाने त्यांना हे एकच अक्षर शिकवलं, आणि तेवढ्यावर चाचा पंडित झाले. ड्रायव्हर, कुरिअरवाला, एसी दुरुस्त करणारा, कुणी म्हणून सुटलं नाही. दुसरं अक्षर विचारलं की त्यांना नेमकी मीटिंग असायची. असा एखादा नमुना तुमच्याही ऑफिसात असेलच.

शांतीचा पुरावा ते मोबाइलवर दाखवायचे: रत्नागिरीकडच्या गावातलं दुमजली घर आणि दारात एकट्या उभ्या भाभी, म्हणजे त्यांची बायको. बावीस वर्षं भाभी तिथे, चाचा इथे. रजेचे अर्ज माझ्याकडे यायचे. वर्षाला तीस दिवस मिळायचे, त्यातले दहा चाचा स्वतःच कापायचे, साहेब खूश व्हावा म्हणून. "घर आहे, घरात बाई आहे. और क्या चाहिए?" धन्य तो संसार!

एकदाच त्यांनी भाभींना महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर आणलं. मी दोघांना अल मनखूलला घरी जेवायला बोलावलं. जेवताना भाभी हळूच म्हणाल्या, "आता एक तर मला इथं ठेवा, नायतर तुम्ही गावी चला. एकटीला घर खायला उठतं."

उत्तर म्हणून चाचांनी काय करावं? बोट पाण्यात बुडवलं! छप्पर काढलं, बाई काढली, अर्थ सांगितला.

भाभींनी ते नीट पाहिलं. "छप्पर हाय, बाई हाय. दादला कुठं हाय?"

माझी मुलगी फस्सकन हसली. "शी हॅज अ पॉइंट, अंकल." चाचाही हसले. आणि आठवड्याभरात दोन वर्षांच्या नव्या करारावर सही ठोकून मोकळे झाले.

भाभी गावी परतल्या, घराला कुलूप घातलं आणि पलीकडच्या वाडीत बहिणीकडे राहायला गेल्या. शेजाऱ्याने फोन करून कळवलं तेव्हा चाचांना समजलं. दुसऱ्या दिवशी राजीनाम्याचा फॉर्म माझ्यापुढे आला. कारणाचा रकाना कोरा होता. "खलास, ताई," एवढंच म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांची टर उडवली; त्या दिवशी मला त्यांचा संताप आला, आणि कीवही.

परवा मीच त्यांना गावी फोन केला. "भाभी आल्या का घरी?"

"नाय. मी रोज जातो तिकडं. चहा देते."

"मग?"

"ओट्यावर देते. आत या म्हणत नाय."