नाही म्हणणारा माणूस

साताऱ्याहून नोकरीसाठी बोईसरला आलो आणि तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझं सगळं आयुष्य गेलं. शेजारच्या टेबलावर बसायचे ते गृहस्थ पालघरजवळच्या माहीमचे. ओळख झाली तीच भांडणातून. कसल्याशा नमुन्यावरून आमची जुंपली आणि मी वैतागून म्हणालो, "उगाच हुज्जत घालू नका."

ते शांतपणे म्हणाले, "हुज्जत म्हणजे अरबीत पुरावा. मी पुरावाच देतोय. तुमी घ्या तरी."

तेव्हापासून आम्हाला तो नादच लागला. डबा खाताना एक शब्द काढायचा आणि त्यावरून वाद घालायचा. साहेबांकडे कुणी तक्रार नेली की हे गृहस्थ मला म्हणायचे, तक्रार म्हणजे मुळात अरबीत तेच तेच पुन्हा बोलणं. मी म्हणायचो, शब्द इथे आला की इथला होतो, जुनं घर कशाला विचारायचं? ते मान हलवायचे. "नाय, नाय. नाय पटत." मग एकदा चिडून त्यांनी मला वितंडवादी ठरवलं. वाद सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं मोडणं. "तुमी तिसऱ्यातले," ते म्हणाले. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. इतकं नीट ओळखणारं दुसरं कोण होतं मला?

निवृत्तीनंतर ते माहीमला वाडीतल्या घरी राहायला गेले. माझी पत्नी गेली, मुलगी बंगळुरूला. दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जायचो. तेवढ्या दुपारपुरतं माझं बोलणं व्हायचं. एरवी बोईसरच्या खोलीत दूधवाल्याला "एक लिटर दो" म्हटलं की दिवसभराचं बोलणं संपलं.

मागच्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. हातपाय हळूहळू सुधारले, बोलणं मात्र गेलं. एकच शब्द राहिला. वहिनींनी दारातच सांगितलं, "सगल्याला हो म्हणतात. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

मी समोर बसलो. "पाणी पिता?" "हो." "बरं वाटतंय?" "हो." डोळे तेच होते, माझ्याकडे रोखलेले. वाटलं, डिवचलं तर काही निघेल. म्हणून मुद्दाम म्हणालो, "तक्रार शब्द संस्कृत आहे, तक्र म्हणजे ताक, त्यावरून आलाय."

"हो," ते म्हणाले.

मी महिनोन् महिने असलंच काहीबाही बोलत राहिलो. एका दुपारी म्हणालो, "भांडण भांड्यावरून आलं. भांड्याला भांडं लागतं ना, म्हणून."

"हो."

तोच आतून वहिनींचा आवाज आला. "काय पण सांगता! भांड्याचा नि भांडणाचा काय पण संबंध नाय. संस्कृत हाय तो, भंडन. लग्न झाल्यावर ह्यांनीच सांगितलेलं मला. आमी भांडलेलो तेव्हा."

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी म्हणालो, "मग तुम्ही सांगा ना आणखी." त्या नवऱ्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या खांद्यावरचा पंचा नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरात आता कोणी भांडत नाय. सवय होत नाय त्याची."

"हो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना सगळं कळत होतं, हे मला तेव्हा समजलं. मग मी खोटी व्युत्पत्ती सांगणं बंद केलं. आता जातो, खरं असेल तेवढंच सांगतो, चहा पितो, निघतो.

परवा परतताना पालघरच्या बसमध्ये शेजारी बसलेला म्हणाला, "काका, खिडकी बंद करा." बाहेरून छान वारा येत होता आणि उकाडाही होता. मी "हो" म्हणालो आणि खिडकी लावून घेतली.