पाऱ्याच्या बाई

आमच्या विज्ञानाच्या बाई कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत, पुस्तकाच्यासुद्धा नाही. गिरगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत, तळमजल्यावरच्या कोंदट प्रयोगशाळेत, थर्मामीटरच्या उंचीला डोळे आणायला त्या खुशाल गुडघे टेकत. म्हणून आम्ही त्यांना ‘पाऱ्याच्या बाई’ म्हणायचो. “आधी बघ, मग लिही,” हे त्यांचं पालुपद.

एकदा आम्ही पाणी उकळलं. पारा काही अठ्ठ्याण्णवच्या वर चढेना. पुस्तकात शंभर होतं, म्हणून सगळ्या वर्गाने बिनदिक्कत शंभर लिहिलं. बाईंनी सगळ्यांच्याच वह्यांत भोपळा काढला.

“पुस्तकातलं पाणी शंभरला उकळलं गं. तुझं कितीला?”

मग तोच थर्मामीटर त्यांनी वितळत्या बर्फात बुडवला. पारा शून्याच्याही दोन अंश खाली गेला. “बघा, हा दोन्हीकडे दोन अंश कमीच दाखवतो. चूक याची होती, पण तुम्ही ती झाकलीत.” मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

पुढच्या वर्षी पदार्थविज्ञान-रसायन कोणाला मिळणार, हे वार्षिक परीक्षेवर ठरायचं. उरलेल्यांना शिवण. माझा लेखी पेपर पार बोंबलला होता, सगळी भिस्त प्रात्यक्षिकावर. आणि नेमकं त्याच दिवशी ठाकूरद्वारच्या नाक्यावर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ची गर्जना उठली, पाठोपाठ अश्रुधुराची नळकांडी फुटली. खिडकीतून धूर आत आला, डोळे चरचरू लागले. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “प्रात्यक्षिक राहू द्या. लेखी गुणांवरच यादी करू.”

बाईंनी ओला पदर नाकाला लावला.

“का म्हणून? हा धूर हवेपेक्षा जड, तो खालीच रेंगाळणार. चला गं, स्टोव्ह उचला. गच्चीवर!” आणि बर्फाची बादली परीक्षकांच्याच हातात देऊन त्या जिना चढूही लागल्या.

गच्चीवर दप्तरांचा आडोसा करून आम्ही पाणी उकळलं. माझ्या नशिबी नेमका तोच थर्मामीटर. शंभर लिहायला हात शिवशिवत होता. पण मी अठ्ठ्याण्णव लिहिलं, बर्फातलं उणे दोनही लिहिलं आणि खाली कारण दिलं. परीक्षकांनी ते दोनदा वाचलं, बाईंकडे पाहिलं आणि मला पास केलं. शिवण टळली. पुढे परळच्या एका प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली.

बाई गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या फणसवाडीच्या खोलीवर गेले होते. सुनेने मला त्यांचा ताप बघायला सांगितला. पारा पाहून तिने मला डोळ्यांनीच खुणावलं, हे सांगू नका. मलाही त्या क्षणी खोटंच बोलावंसं वाटत होतं.

“किती गं?” बाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

“एकशे तीन, बाई.”

त्या जराशा हसल्या. “डोळ्यांसमोर नीट धरून बघितलंस ना?”

“हो, बाई.”

“मग बरोबर.”