फुकटचा ॲपॉस्ट्रॉफी

पेंटरला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि बाजारातल्या निम्म्या इंग्रजी पाट्या त्यानेच रंगवल्या होत्या. यात त्याला काही वावगं वाटत नसे. "न्हाव्याला तरी डोक्याच्या आत काय चाललंय ते कुठे ठाऊक असतं?" असं तो म्हणे.

त्याची एक खोड होती. बाकीचे पेंटर ब्रश रंगात बुडवला की फडक्यावर टेकवून बघतात. हा थेट पाटीवर टेकवायचा. रंग जिथे बसायचा तिथेच बघावा, असं त्याचं शास्त्र. त्यामुळे अक्षरांच्या आधीच पाटीवर वरच्या अंगाला एक शेपटीवाला थेंब उमटलेला असे. मग तो थेंब शेवटच्या 'एस'च्या अलीकडे येईल अशा बेताने तो अक्षरं मांडत जाई. बिस्किटांच्या एका परदेशी डब्यावर त्याने असाच थेंब वर टांगलेला पाहिला होता, तेव्हा इंग्रजीला तो चालतो याची त्याला खात्री होती.

गिऱ्हाइकांची तक्रार नव्हतीच. उलट अंडीवाला भांडायला आला होता. "बेकरीवाल्याच्या पाटीवर आहे, माझ्यावर का नाही? मी काय घोडं मारलंय?" पेंटरने त्याला एकाऐवजी दोन दिले. 'हिज अँड हर्स', म्हणजे 'त्याचं आणि तिचं' नावाचं केस कापायचं दुकान निघालं, तेव्हा 'हर्स'वर थेंब बसला. पेंटर शिडीवरून खाली उतरला, विचारात पडला आणि पुन्हा वर चढून 'हिज'लाही एक देऊन आला. बायकांना दिला आणि पुरुषांना नाही, तर दुकानदाराचं निम्मं गिऱ्हाईक तुटायचं!

त्याची एकुलती एक लेक इंग्रजीची शिक्षिका झाली, हे त्याला आपल्याच धंद्याचं फळ वाटे. आता तिने शाळा सोडून औषधाच्या दुकानावरच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला होता. वर्ग चांगला चालला होता. दारावर पाटी मात्र नव्हती. पेंटरने फळी घासून, अस्तर देऊन, गुळगुळीत करून ठेवली होती. आयुष्यात शेकडो दुकानांची नावं लिहिली, आता लेकीचं नाव लिहायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

"काय लिहायचं ते दे ना गं कागदावर."

"बघू हो बाबा. घाई काय आहे?"

"फळी वाट बघून म्हातारी झाली!"

"अहो, सारखं काय तिच्या मागे लागता?" बायको आतून म्हणायची, आणि मायलेकी एकमेकींकडे बघायच्या. ते बघणं पेंटरला खटकायचं.

उलगडा भर बाजारात झाला. 'हिज अँड हर्स'समोर एक नर्स, एक निवृत्त पोलीस आणि एक बँकेतला कारकून माना वर करून उभे होते आणि खो खो हसत होते.

"काय झालं हो?" पेंटरने विचारलं.

"गृहपाठ आहे, काका," नर्स म्हणाली. "आमच्या संध्याकाळच्या वर्गाच्या बाईंनी सांगितलंय, बाजारात हिंडा आणि पाट्यांवरचे चुकीचे ॲपॉस्ट्रॉफी शोधा. 'हर्स' म्हणजेच 'तिचं'. त्याला हा थेंब लागतच नाही."

"आणि 'हिज'वर तर दरोडाच पडलाय," पोलीस म्हणाला. "गुन्हेगार एकच असावा. हात सगळीकडे सारखा आहे."

"बाई काय म्हणतात त्याला?" पेंटरने विचारलं.

"कुणीतरी महाभाग आहे म्हणतात. नाव नाही सांगत."

पेंटर तडक घरी आला. लेक जेवत होती.

"बापाची अब्रू वेशीवर टांगलीस!"

लेकीचा घास हातातच राहिला. मग ती म्हणाली, "मी नाही टांगली, बाबा. तुम्हीच टांगलीत, चांगले चार-चार खिळे ठोकून."

बायकोला हसू आवरेना. पेंटरला मात्र हसू आलं नाही. तो खाली बसला.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार? तुम्ही मला खांद्यावर बसवून त्या पाट्या दाखवायचात. आणि आता तुमच्याकडून पाटी करून घेतली असती, तर थेंब आला असता. नको म्हटलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं."

"म्हणून परक्यांना सांगितलंस."

लेक ताटातली भाजी नुसतीच चिवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर रंगाचा डबा घेऊन थेंब पुसायला 'हिज अँड हर्स'वर गेला. दुकानदाराने त्याला शिडीच लावू दिली नाही. "काढलेत तर तिथे डाग दिसेल. लोक म्हणतील, दुकान विकायला काढलंय!" अंडीवाल्याने तर दोन्ही आपल्या हक्काचे असल्याचं बजावलं. संध्याकाळी, वर्ग भरायच्या आधी, पेंटर फळी काखोटीला मारून लेकीच्या वर्गावर पोचला.

"लिहून दे. आणि इथे उभी राहा. रंग बघायला हात पाटीकडे गेला की ओरड."

लेकीने लिहून दिलं. स्टुलावर चढून त्याने फळी दारावर ठोकली आणि ब्रश बुडवला. हात सवयीने निघालाच.

"बाबा!"

त्याने झटका देऊन हात मागे ओढला आणि थेंब लेकीच्या पांढऱ्या बाहीवर पडला. चांगला, शेपटीसकट.

"पाटी कोरी आहे ना? मग झालं तर," पेंटर म्हणाला आणि कामाला लागला.

शेवटचं अक्षर राहिलं होतं, तेवढ्यात जिना वाजला. नर्स, पोलीस आणि कारकून वर आले.

"अरे, काका तुम्ही? बाई, हे काल बाजारात भेटले होते," नर्स म्हणाली.

पेंटरने मागे वळून पाहिलं नाही. ब्रश मात्र तिथल्या तिथे थांबला.

"काका नाहीत, माझे बाबा आहेत," लेक म्हणाली. "आणि ते महाभागही हेच. मी आधीच सांगायला हवं होतं."

पोलिसाने खाकरून घसा साफ केला. नर्सने वही पाठीमागे लपवली.

"म्हणजे बाजारातल्या सगळ्या...?" कारकुनाने विचारलं.

"सगळ्या," पेंटर शेवटचं अक्षर ओढत म्हणाला. "त्या मटणवाल्याकडे गेला होतात का? नाही? जाऊन या. तिथे एका शब्दावर तीन आहेत."