पंगतीत न बसलेले तात्या

राणीसावरगावातल्या एकाही लग्नात आमचे तात्या भावकीच्या पंगतीत बसलेले मी पाहिले नाहीत. पाण्याचा जग घेऊन ते वाढत फिरायचे. कुणी हात धरून ओढलं तर म्हणायचे, "बसा तुमी. मला पानी वाढल्याबिगर जेवन जात न्हाई." सगळे उठले की आचाऱ्याच्या चुलीपाशी उभ्याउभ्या वरणभात ओरपायचे.

तात्या माझे थोरले चुलते. आजोबांनी आजीशी दुसरं लग्न केलं तेव्हा त्यांना पहिल्या बायकोचा एक मुलगा होता आणि आजीला पहिल्या नवऱ्याचा एक. दोन्ही पोरं घेऊन ते जिंतूरकडून इथे आले. दोघांतला एक आजीनं आणलेला, एवढंच गावाला ठाऊक. कोणता, असं विचारलं की आजी फणकारायची, "दोनी माझीच हायती." तात्या मात्र स्वतःच सांगत, "आनलेला मी."

झालं, आमचं ठरून गेलं. घराणं आमचं, तात्या सोबत आलेले. आजोबा वारले तेव्हा, "नामदेवा, अग्नी तू दे," म्हणत त्यांनी माझ्या वडिलांना पुढे केलं आणि स्वतः लोकांत मागे जाऊन उभे राहिले. माझ्या लग्नपत्रिकेत त्यांचं नाव राहिलं. राहिलं कसलं, आम्ही गाळलं. तरी तीच पत्रिका घरोघर वाटत तात्या उन्हातान्हात फिरले.

ते गेल्यावर त्यांचा नातू माझ्याकडे आला. कॉलेजसाठी जातीचा दाखला काढायचा होता, वंशावळीत पणजोबा म्हणून कुणाचं नाव लिहू, असं विचारत होता. मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, "तात्यांचे खरे वडील शोधून काढू." म्हणून आजीची पेटी उपसली. तळाशी तिच्या भावाचं जुनं कार्ड निघालं. त्यात होतं, "नामदेवाला नव्या बापाचा लळा लागला का?"

नामदेव म्हणजे माझे वडील.

मी कार्ड वाचून दाखवलं. वडिलांनी ते माझ्या हातून घेऊन पालथं ठेवलं. मग म्हणाले, "शाळंत पोरं लय चिडवायलती, आनलेला कोन म्हनून. मला रडू फुटलं. त्यो म्हनला, मी हाय."

"आणि मोठेपणी?"

"त्यानंच बोलू दिलं न्हाई मला." पुन्हा म्हणाले, "न्हाई, खोटं कशाला. मीच बोललो न्हाई."

मला त्यांच्याकडे बघवेना. ती लग्नपत्रिका डोळ्यांसमोरून हलेना. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वंशावळीत आजोबांच्या खाली तात्यांचं नाव वडिलांनी स्वतः लिहायला लावलं. पुढे त्या नातवाच्या बहिणीचं लग्न झालं. भावकीच्या पंगतीत मधली जागा वडिलांसाठी ठेवली होती. त्यांनी तिथे तात्यांच्या नातवाला बसवलं आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा जग उचलला.

पाणी सांडू लागलं तसा मी जग घ्यायला धावलो.

"सोड," वडील म्हणाले. "दुसरा हाय तिथं. त्यो घे."