साडेनऊ आवर्तनं

विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमधल्या सहापैकी पाच खोल्या जूनमध्येच रिकाम्या झाल्या होत्या. फ्रिजच्या फळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या मात्र तशाच चिकटलेल्या होत्या, आणि सगळ्यात खालच्या फळीवर थोआचा अर्धा कोबी आणि चार अंडी. जेवायला कुणाची वाट बघायची नसल्यामुळे ती ओट्याशी उभ्या उभ्याच जेवून घ्यायची. प्रबंध देऊन झाला होता. विमान सोळा सप्टेंबरला, मंगळवारी. मधले अठरा दिवस कसे काढायचे, हे काही कुणी शिकवलेलं नव्हतं.

व्हिएतनाममधल्या नाम दिन्हहून ती अन्नप्रक्रिया शिकायला विलायतेत लिंकनला आली, त्याला वर्ष होत आलं होतं. या वर्षात 'काय, बरी आहेस ना?' असं तिला रोज दहा जणांनी विचारलं आणि उत्तर ऐकायला एकही थांबला नाही. सुरुवातीला ती बिचारी खरं खरं सांगायला तोंड उघडायची, तोवर विचारणारा दारापार पोचलेला असायचा. मग तिनेही बोलणं सोडून दिलं. आईला फोनवर ती सांगायची, माणसं चांगली आहेत. ते खोटं नव्हतं, पण त्या चांगल्या माणसांना ती दिसत नव्हती, हे आईला कुठे सांगत बसायचं?

अपवाद एकच, चर्चचा मनोरा. गेल्या नोव्हेंबरात बोचऱ्या वाऱ्यातून जरा आडोसा म्हणून ती गल्लीतल्या जुन्या चर्चमध्ये शिरली, तर कोपऱ्यातल्या अरुंद दारावर कागद लावलेला: 'घंटा वाजवायला माणसं हवीत. काही येत नसलं तरी चालेल. गुरुवारी साडेसात.' त्या गुरुवारी गोल दगडी जिन्याने ती वर गेली. पाच म्हातारी माणसं गोल करून उभी होती. त्यांचा म्होरक्या कीथ, सत्तरी उलटलेला, सगळा जन्म बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. कुठली तू, का आलीस, काही विचारलं नाही त्याने.

"दार लाव पोरी, वारं येतंय," तो म्हणाला. "आणि ते हात खिशातून काढ. खिशात हात ठेवून दोर कसा ओढशील?"

तिकडच्या घंटा मनाला येईल तशा बडवायच्या नसतात. सहा घंटा, सहा दोर, सहा माणसं. प्रत्येकाने एकेक ठोका द्यायचा आणि दर फेरीला क्रम थोडा थोडा बदलत न्यायचा. गाणं नाही, कागद नाही, सगळं डोक्यात. अशा एकशे वीस फेऱ्या झाल्या की एक आवर्तन. वाजवताना कुणी बोलायचं नाही. बोलणार एकटा कीथ, तोही खूण म्हणून एखादा शब्द हाकारण्यापुरता. थोआला हे फार मानवलं. न बोलता पाच माणसांत असता येईल अशी जागा सबंध गावात दुसरी नव्हती. महिनाभर हाताला फोड आले, हिवाळाभर शिव्या खाल्ल्या, आणि वसंतात सगळ्यात लहान घंटा तिची झाली.

मनोऱ्यात एक जाड वही होती. साडेदहा आवर्तनं, म्हणजे पाऊण तास, एकही चूक न करता वाजली की त्या सहा जणांची नावं वहीत चढायची. याला ते पाऊणतासी म्हणत. चुकलं तर नोंद नाही, मग किती का जवळ येऊन चुकेना. पहिलं पान १९११चं. थोआने ती नावं इतक्यांदा वाचली होती की त्यातली बरीच तिला पाठ झाली होती. या गावात तिचं स्वतःचं नाव दोनच ठिकाणी होतं, विद्यापीठाच्या ओळखपत्रावर आणि फ्रिजवरच्या चिठ्ठीवर. दोन्ही सोळा तारखेला कचऱ्यात जाणार होती.

"जायच्या आधी तुझं नाव चढवून टाकू," ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी कीथ म्हणाला. "तीन रविवार आहेत. पुरे झाले."

पहिल्या रविवारी सातव्या आवर्तनात थोआच गोंधळली आणि कीथने "थांबा!" म्हणून ओरडून सगळं बंद केलं. तिला रडूच फुटायचं बाकी होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली ग्लेनिस म्हणाली, "अगं, माझ्या वेळी मी दोरच सोडून दिला होता. पार छताला जाऊन लागला. हा बाबा आठवडाभर बोलला नाही माझ्याशी."

"महिनाभर," कीथ म्हणाला.

दुसऱ्या रविवारी सगळ्यात जड घंटा ओढणाऱ्या बॅरीच्या पोटरीत गोळा आला आणि पाचव्यातच कारभार आटोपला.

राहिला चौदा तारखेचा रविवार. संध्याकाळी पाचला सगळे जमले. ग्लेनिसने अक्रोडाचा केक करून आणला होता आणि तो खिडकीत झाकून ठेवला होता, कुणाची दृष्ट लागू नये तसा. कीथने एकवार सगळ्यांकडे पाहिलं, आणि थोआने पहिला ठोका दिला.

आवर्तनं मोजायचं काम कीथचं. पण प्रयोगशाळेतली सवय थोआला सुटत नव्हती, तीही आपल्या भाषेत पुटपुटत मोजायची. मोत, हाय, बा. हात आपोआप चालत होते. पाचवं झालं, सहावं झालं. चूक नाही. बॅरीच्या कपाळावरून घाम निथळत होता. तिच्या मोजणीने नववं संपलं, आणि शेवटचं अर्धं सुरू झाल्याची खूण कीथने हाकारली. ते संपताच तो म्हणाला, "झालं! थांबा!"

एकच जल्लोष झाला. बॅरीने थोआचा हात हातात घेऊन पंपासारखा हलवला. ग्लेनिसने केकवरचं फडकं ओढलं. थोआही हसत होती. पण तिच्या मोजणीत एक आवर्तन कमी होतं. कदाचित आपणच चुकलो असू, तिने मनाला बजावलं.

कीथने वही उघडली, तारीख लिहिली. मग किती वेळ लागला ते लिहायला भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि पेन तिथेच टेकलेलं राहिलं.

"एक्केचाळीस मिनिटं," तो म्हणाला.

"मग? भरभर वाजवलं आपण," ग्लेनिस म्हणाली. "लिही की. केक वाळतोय."

"साडेदहाच झाली, मी शपथेवर सांगतो," बॅरी म्हणाला.

"तू जेवणाच्या वेळेपलीकडे कधी काही मोजलं आहेस का रे?" कीथ म्हणाला, आणि थोआकडे वळला. "तू मोजतेस. ओठ हलतात तुझे, बघतो मी. किती झाली?"

नुसतं 'साडेदहा' म्हणायचं होतं. एका शब्दाने तिचं नाव शंभर वर्षं त्या वहीत राहिलं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता. खाली सहाच्या प्रार्थनेला माणसं यायला लागली होती, आणि सोमवारी बॅरी मुलीकडे जाणार होता.

"साडेनऊ," थोआ म्हणाली.

कीथने लिहिलेल्या तारखेवर आडवी रेघ मारली आणि पेनला टोपण लावलं. त्या वहीत खाडाखोड तिने आजवर पाहिली नव्हती.

"अडतीस वर्षांत माझं मोजणं चुकलं नाही," तो वहीकडे बघतच म्हणाला. "बायको गेली त्या आठवड्यातही नाही. आज सातव्यात होतो, आणि मनात आलं, पुढच्या रविवारी तुझ्या दोराशी कोण उभं असणार. भानावर आलो तो आठव्यालाच नववं धरून पुढे मोजत गेलो. माफ कर, पोरी."

मग तो पाठ फिरवून दोर गुंडाळत बसला. फार वेळ गुंडाळत बसला. केक सगळ्यांनी खाल्ला, चांगला झाला होता. निघताना जिन्याच्या तोंडाशी कीथ दर गुरुवारी म्हणायचा तेच म्हणाला, "तिसरी पायरी झिजलीय, जपून."

मंगळवारी सकाळी सातला थोआ स्टेशनवर एकटीच उभी होती. फ्रिजवरची चिठ्ठी तिने काढून टाकली होती. आईचा फोन आला, तिकडे दुपारची जेवणं नुकतीच झाली होती.

"नाव लागलं का वहीत?"

"नाही, आई."

"अगं बाई! कुणी घोळ घातला?"

"कीथने."

"तो म्हातारा? तो तर कधी चुकत नाही म्हणायचीस."

"नाही चुकत," थोआ म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वर्षभरात ती इतकी रडली नव्हती. "मी जाणार म्हणून त्याचं मोजणं चुकलं, आई."

 आईला काही उलगडेना. "एवढ्यासाठी रडतेस?"

"हो. एवढ्यासाठीच."

तेवढ्यात गाडी आली. फोन खिशात टाकून थोआने दोन्ही बॅगा एकटीनेच वर चढवल्या.