किसनच्या बरणीतलं तेल

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. तिळाचा घाणा चालू असताना त्यात बेतानं पाणी शिंपडावं लागतं, त्याशिवाय पेंड तेल सोडत नाही. किती शिंपडायचं ते आमच्या घराण्यात डोक्याला नाही, हाताला ठाऊक. पण त्या दिवशी मी घाण्यावर बसून माझ्याच लग्नातली फजिती सांगत होतो... गोष्ट रंगली आणि हातानं तांब्या दोनदा रिकामा केला. दोन डबे तेल निघालं ते ताकासारखं पांढुरकं! दिव्यात घातलं की नुसती तडतड. सगळं युसूफ वडगाव हसलं. "तेली हाईस का गवळी बे?" असं पारावर विचारणारेही भेटले.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. अशा गोष्टी तिखटमीठ लावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे त्या कशा बनतात ते मला पक्कं माहीत. ही मात्र जशी घडली तशीच सांगतो.

माझा धाकटा भाऊ किसन औरंगाबादेला मोटारदुरुस्ती शिकून नुकताच परत आला होता. आमच्या गावाला वीज म्हणजे आभाळात चमकते तेवढीच माहीत. त्यानं कडब्याच्या खोलीत आपला पसारा मांडला — मोडक्या मोटारीची कॉइल, केजच्या मोटारवाल्याकडून मागून आणलेली बॅटरी आणि काचेच्या दोन बरण्या. दोन्हींत माझं ते नासकं तेल. एकीत तांब्याच्या दोन तारा सोडलेल्या, दुसरी मोकळी.

दुपारी जेवून मी आडवा झालो होतो. तो दारात येऊन उभा राहिला.

"दादा, चल की. चालू केली की कॉइल भुंग्यावानी गुणगुणती बघ. हजारो व्होल्टचा जोर बसला की पाण्याचे बारीक थेंब एकमेकाला वढून घेतेत, मोठे होतेत अन् तळाला बसतेत. वर निवळ तेल!"

"मंग दुसरी बरनी कावून ठिवली?"

"तुझ्यासाठी! न्हाईतर म्हनशील, आपोआपच निवळलं." तो हसला. "गावाचं हासनं बंद होतंय दादा. एकदा बघ."

माझीच चूक तो निस्तरत होता, आणि तेच मला झोंबलं. म्हणालो, "तीन पिढ्यांच्या घाण्याला जे जमलं न्हाई, ते तुझं डबडं करतंय व्हय? बघू बाजार झाल्यावर." आणि कूस बदलली.

जाता जाता तो म्हणाला, "बघशील ना पन? तुझ्याबिगर चालू करीत न्हाई मी."

त्याच संध्याकाळी त्याला ताप भरला. बाजाराचा दिवस उजाडायच्या आत किसन गेला.

सुतकात घाणा बंद. तो गेला त्या जागी रीतीप्रमाणे पीठ पसरून दिवा ठेवला, पण घरात तेल उरलं होतं ते तेच, माझं. दिवा सारखा तडतडायचा, विझायचा. बायको पुन्हा लावायची आणि तोंडाला पदर लावून बसायची. चौथ्या दिवशी मी स्वतः केजला जाऊन बॅटरी परत दिली. घरात ती वस्तू बघवत नव्हती.

पाचव्या दिवशी भर दुपारी दिवा पुन्हा विझला. तेल आणायला मी कडब्याच्या खोलीकडं गेलो. आतून आवाज येत होता — भुंग्यासारखा, एकसारखा. मी दार ढकललं आणि आवाज थांबला. कॉइल तशीच पडलेली, गार. बॅटरीच्या जागी धुळीत नुसता चौकोन. आणि तारांच्या बरणीत... तळाला बोटभर पाणी, वर सोन्यासारखं तेल. इतकं निवळ, की पलीकडची भिंत दिसत होती. शेजारची बरणी ताकासारखीच पांढरी.

ते तेल दिव्यात घातलं. दहाव्यापर्यंत दिवा एकदाही तडतडला नाही. दुसरी बरणी तेव्हाही पांढरीच होती.

आपोआप निवळलं म्हणावं, तर ती दुसरी बरणी आडवी येते. त्यासाठीच तर त्यानं ती ठेवली होती! केजच्या मोटारवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, "बॅटरीबिगर? काय बी बोलता राव." मला आजही काही कळलेलं नाही.

दहाव्याहून परत आल्यावर मी बायकोला म्हणालो, "बघ, किसननं दाखवलंच शेवटी मला."

ती दिव्याजवळचं पीठ गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "तेल तेवढं दिसलं तुमाला. त्या दिशी उठला असता, तर ते निवळताना भावजीचं तोंड बी दिसलं असतं."