आईशेजारची जागा

मार्था अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी भालकीच्या स्टँडवर होते. खरं सांगते, आधी रडू आलं नाही... भीती वाटली. आता त्यांना त्यांच्या आईशेजारी पुरू देतील का?

अक्का आमच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवायच्या, मी मराठी शिकवते. त्या ख्रिस्ती, आम्ही बौद्ध. घरं भिंतीला भिंत लागून. गावाबाहेरचं ख्रिस्ती कबरस्तान त्यांनीच मला दाखवलं. निजामाच्या काळात इथं आलेल्या एका गोऱ्या डॉक्टरीणबाईंचं तान्हं मूल तापानं गेलं, ती तिथली पहिली कबर. पुढं पटकीच्या साथीत इथलीच माणसं त्या बाळाच्या आजूबाजूला येत गेली. हे सांगताना अक्का त्या इवल्या दगडावरची धूळ पदरानं पुसायच्या.

गेल्या वर्षी प्लॉट पाडणाऱ्यांची नजर त्या जागेवर गेली. आता इथं कुणी पुरत नाही, जमीन पडीक आहे, असं ते गावभर सांगू लागले. एका सकाळी जेसीबीनं कुंपणाची भिंत पाडली. अक्का धावल्या, मागोमाग मी. अक्का सरळ जाऊन आईच्या कबरीवर बसल्या. म्हातारीला उचलून बाजूला ठेवा, असं कुणीतरी म्हणालं.

"माझी माय हितं हाय," अक्का हळूच म्हणाल्या. "माझीबी जागा हितंच हाय."

ड्रायव्हरनं यंत्र बंद केलं. ते लोक त्या दिवशी गेले, पण मग आमच्या गल्लीत अनोळखी गाड्या थांबू लागल्या. अक्का दिवसाही कडी लावून बसायच्या. रविवारी मात्र कबरस्तानात जायच्याच.

"अक्का, भेव वाटत न्हाई?" मी एकदा विचारलं.

"वाटायलंय की गं. घास उतरंना झालाय. पण मी न्हाई गेले तर जागा खरंच पडीक व्हईल."

दफनाच्या दिवशी तीच माणसं रस्त्यावर मोटारसायकली लावून बघत होती. प्रार्थना म्हणताना पाद्रींची नजर पुन्हा पुन्हा रस्त्याकडे जात होती. पण अक्कांच्या खो-खोच्या मुली, आता लेकुरवाळ्या झालेल्या, इतक्या आल्या की पाडलेल्या भिंतीच्या जागी त्याच उभ्या राहिल्या. कुणी अडवलं नाही. पडीक म्हटलेल्या जमिनीत ताजी, ओली कबर झाली.

अक्कांचा गवत काढायचा विळा आता माझ्याकडे असतो. रविवारी मी एकटीच जाते. रस्त्यावर एखादी मोटारसायकल हळू झाली की माझा हात थांबतो... आवाज लांब जाईपर्यंत मी मान वर करत नाही. मग पुन्हा गवत कापू लागते.